तुटक रेघ

“मग आपण इकतोय काय नक्की?” आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

गेले दोन महिने घरात सगळ्यांना मेसच्या दुरुस्तीची ही योजना बुद्धभूषणच समजावून सांगत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःला ती एकदाही धड समजली नव्हती. बोलताना समजल्यासारखी वाटायची. समोरच्याने एक साधा प्रश्न विचारला की साबणाच्या वडीसारखी हातातून निसटायची. चौतीस वर्षं भोसरीच्या कंपनीत, डाय म्हणजे साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये, केसाहून बारीक माप सांभाळलेला माणूस तो. वडिलांच्या एका प्रश्नाला आपल्याकडे सरळ उत्तर नसावं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

“काहीच विकत नाही आपण, आबा. मेस आपलीच राहणार.”

“मग ती कंपनी दुरुस्तीला पैसं कशाला देतीय? धरमादाय हाय का?”

“पहिल्या दिवसापासून मी हेच विचारतोय,” बुद्धरत्न म्हणाला. हा धाकटा भाऊ. चाकणला त्याचे चार टेम्पो कंपन्यांचा माल वाहायचे. “फुकट कोण काय देतं, दादा? त्यापेक्षा बिल्डर बरा. तो सरळ सांगतो, पाडतो आणि बांधतो. त्यात समजून घ्यायला काही नाही.”

“तुला पाडायचीच घाई,” दीक्षा म्हणाली. ती दोघा भावांच्या मधली, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नर्स, आणि दवाखान्यात पेशंटला दटावायची सवय घरीही तशीच चालायची. “या हॉलमध्ये माझं लग्न लागलंय. आईचं शेवटचं वंदनसुद्धा इथेच झालं. तुझा बिल्डर त्याचं काय बांधून देणार?”

रविवारची बुद्धवंदना आटोपून वस्तीतली मंडळी पांगली होती आणि हॉलमध्ये फक्त घरची माणसं उरली होती. मधोमध सतरंजीवर नकाशा पसरला होता. कागद सारखा गुंडाळत होता, म्हणून त्याच्या तीन कोपऱ्यांवर चहाचे कप आणि चौथ्यावर बुद्धरत्नचा मोबाइल ठेवला होता. आबांची खुर्ची नेहमीच्या जागी होती, पंख्याखाली, त्या अरुंद काळपट फरशीच्या पट्टीवर. आबा शहाऐंशी वर्षांचे, कानाने तल्लख, बोलायला कंजूष. त्यांना आज एवढे प्रश्न पडत होते हेच मुळात नवल होतं.

मेस म्हणजे ही इमारत. पिंपरीत रेल्वेलाइनीच्या अलीकडे, लाल विटांची, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. १९५७ साली एका ठेकेदार शेठने नव्या कारखान्यांच्या कामगारांसाठी खानावळ म्हणून बांधलेली. आबा म्हणजे खंडू, खेडकडच्या गावातून आलेला पोरगा, इथे ताटं घासायला लागला. पुढे तो कंपनीत चिकटला, कारखान्यांनी आपापली कॅन्टीनं काढली, खानावळ बसली, आणि शेठच्या मुलांनी जागा विकायला काढली तेव्हा ती घेतली कोणी, तर ताटं घासणाऱ्या खंडूने. वस्तीत ही गोष्ट अजून सांगतात. तेव्हापासून इथे लग्नं झाली, बारशी झाली, आता संध्याकाळी परीक्षांचा अभ्यास करणारी पंचवीस मुलं बसतात.

आणि मार्चमध्ये दारावर नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, पावसाळ्याआधी दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या. दोन कैच्या वाळवीने पोखरल्या होत्या, मागची भिंत पोटातून फुगली होती. दुरुस्तीचा आकडा ऐकून बुद्धभूषणने हात टेकले. तेव्हा त्याच्या मुलीने, मैत्रीने, ही योजना घरात आणली. ती करसल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती.

आताही तीच पुढे सरकली आणि आजोबांच्या खुर्चीपाशी मांडी घालून बसली.

“आजोबा, तुमच्या कंपनीत कॅन्टीनची कुपनं मिळायची ना?”

“व्हय.”

“आणि तुम्ही तर घरून डबा न्यायचात. मग कुपनांचं काय करायचात?”

“एक हेल्पर व्हता. त्याला द्यायचो. त्यो जेवायचा आन् मला गावाकडनं शेंगा आणून द्यायचा.”

“बस्, तेच आहे हे. सरकार म्हणतं, जुनी इमारत पूर्वी होती तशी नीट करा, आम्ही करात सूट देऊ. पण आपला कर केवढासा! एवढी सूट आपल्याला खपायचीच नाही. चाकणच्या कंपनीचा कर मात्र डोंगराएवढा. ती म्हणते, मेसचा खर्च मी करते, तुमचं कुपन मला द्या.”

आबांनी मनात हिशेब लावला. “म्हंजी कुपन इकतोय.”

“हां!”

“पर ते कुपन आपल्याला मिळालंय कुठं अजून?”

“दुरुस्ती पूर्ण झाली की मिळणार.”

“आन् दुरुस्ती?”

“कुपन विकलं की होणार.”

दीक्षाला हसू आवरेना. बुद्धरत्नने कपाळावर हात मारला. “म्हणजे जे नाही ते विकून, जे होणार आहे ते बांधायचं. राव, मी टेम्पोवाला माणूस आहे. माल दिसला तरच भाडं ठरवतो.”

बुद्धभूषणलाही क्षणभर भावाचंच म्हणणं पटलं. पण घरात योजनेच्या बाजूने ठामपणे बोलायचं काम त्याच्याकडे आलेलं होतं, आणि आज माघार घेणं शक्य नव्हतं. फाइल उद्या सकाळी जमा व्हायची होती. आज सह्या.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. दिव्या आली, जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. सांगवीहून स्कूटरवर आली होती, गळ्यात टेप, पाठीवर सॅक. तिने सगळ्यांना जयभीम घातला, आबांच्या पायाशी वाकली, आणि भाग्यश्रीने, म्हणजे बुद्धभूषणच्या बायकोने, पुढे केलेला चहा उभ्यानेच घेतला.

“सर, शेवटचं एकदा सगळ्यांना वाचून दाखवू का? उगाच नंतर कुणी म्हणायला नको.”

“हो, हो. मी तपासलंय सगळं, पण सांगा,” बुद्धभूषण म्हणाला. ‘मी तपासलंय’ हे तो जरा जोरातच म्हणाला. घरात ड्रॉइंग वाचता येणारा तो एकटा. पंधरा दिवसांपूर्वी दिव्याने हा नकाशा बाकीच्या पानांसकट दिला तेव्हा त्याने चष्मा लावून, बोट फिरवून, तासभर तो पाहिला होता आणि कोपऱ्यात इंग्रजीत ‘ओके’ लिहून सही ठोकली होती. टूलरूममध्ये त्याच्या ‘ओके’शिवाय एक डाय पुढे सरकायचा नाही.

दिव्या सतरंजीवर गुडघे टेकून बसली. “कौलं सगळी उतरवून तीच परत बसवायची. या दोन कैच्या बदलायच्या, सागवानीच. मागची भिंत टेकू देऊन सरळ करायची. बाहेरचा हा छोटा दरवाजा नंतर कुणीतरी विटांनी बुजवलाय, तो उघडायचा. आणि ही मधली भिंत परत उभी करायची, सात फुटी.”

“कुठली भिंत?” दीक्षाने विचारलं.

“ही.” दिव्याने नकाशावर हॉलच्या आरपार गेलेल्या तुटक रेघेवर पेन ठेवलं.

बुद्धभूषण हसला. “ती भिंत नाही, मॅडम. लपलेली कडा आहे. खाली जुना पाया असेल.”

“नाही सर. तुटक रेघ म्हणजे पूर्वी होतं, आता नाही, परत बांधायचं. चौथ्या पानावर खुणांची यादी दिली आहे ना.”

चौथं पान बुद्धभूषणने पाहिलंच नव्हतं. त्याची गरजच काय, असं त्याला वाटलं होतं. सलग रेघ म्हणजे दिसणारी कडा, तुटक रेघ म्हणजे मागे लपलेली कडा, हे त्याला आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि चौतीस वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. मशीनच्या ड्रॉइंगमध्ये जे नाही ते कुणी काढत नाही. नसलेली गोष्टही कागदावर काढतात, हे त्याला आज अठ्ठावन्नाव्या वर्षी कळत होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मैत्री आपल्याकडे बघतेय हे त्याला न बघताही कळलं.

“पण इथे भिंत कशाला असेल?” तो म्हणाला. “आम्ही लहानाचे मोठे झालो इथे.”

“माझ्याकडे फोटो आहे ना. शेठच्या नातवाने दिला, उद्घाटनाचा.” दिव्याने सॅकमधून फोटो काढला. फोटोत हीच मेस, नवी कोरी, दारावर झेंडूचं तोरण, पगडीवाला शेठ. मोठ्या दरवाजावर पाटी: कामगार भोजनालय. पलीकडे टोकाला एक छोटा दरवाजा, बिनपाटीचा, आणि त्याच्याबाहेर एक वेगळा नळ. “मोठा हॉल आणि छोटा हॉल. छोटं बहुधा कोठार असावं. मधल्या फरशीची पट्टी बघा, नऊ इंच रुंद, दगड वेगळा. भिंत तिथेच होती.”

सगळ्यांनी पट्टीकडे पाहिलं. लहानपणी तिघं भावंडं तिच्यावर खेळायची. पट्टीवर पाय पडला की आउट. आणि पट्टीच्या मध्यावर आबांची खुर्ची होती. आबांचे दोन्ही पाय तिच्यावर होते.

“कोठार न्हाई,” आबा म्हणाले.

दिव्याने फोटो सतरंजीवर ठेवला.

“त्ये आमचं जेवायचं व्हतं. आपल्या लोकांचं. त्यो दरवाजा आपला, नळ आपला. ताटंबी आपली. काठाला कानशीनं खाच मारलेली, घासताना कळावं म्हणून. दोन्ही ढीग मीच घासायचो, पर एकात एक मिसळू द्यायचो न्हाई. तसा हुकूम व्हता.”

“आबा, तोवर तर कायदा झाला होता,” दीक्षा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

“झाला व्हता की. शेठ म्हणायचा, ही भिंत सोयीसाठी हाय. ज्याची त्याची सोय.”

दिव्याचं पेन अजून तुटक रेघेवरच होतं. तिने ते हळूच उचललं. “आजोबा, मला खरंच माहीत नव्हतं,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. बुद्धभूषणला तिचा राग आला नाही. तिने कोठार म्हटलं होतं, त्याने पाया म्हटलं होतं. तिच्यापेक्षा आपणच जास्त आंधळे, असं त्याला वाटलं, कारण तो त्या पट्टीवर रांगायला शिकला होता.

“मग पाडली कुणी?” मैत्रीने विचारलं.

“मीच.”

आबांनी हे असं सांगितलं, जणू कुणी विचारलं की कंदील कुणी मालवला. मग ते पुढचं सांगू लागले. पानशेत फुटलं त्या सालची गोष्ट. पुण्यात पाणी शिरलं आणि घरदार गेलेली माणसं मिळेल त्या गाडीने पिंपरीला नातेवाइकांकडे आली. शेठ वाईट नव्हता. त्याने मेस सगळ्यांना फुकट उघडली. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठा हॉल गच्च भरला आणि ताटं संपली.

“भात शिजलेला, आमटी शिजलेली. माणसं मांडी घालून बसल्याली. आन् भिंतीपल्याड साठ ताटं घासून पालथी. खाचेची. ती इकडं न्यायची न्हाईत. लेकरं रडत्यात, ताटं पडून हायती. मला काय सुचंना. कोळशाच्या कोठीतनं पहार आणली. धोंडीबा आचारी दारात उभा व्हता, मराठ्याचा माणूस. म्हणला, खंड्या, मी काय बगितलं न्हाई. आन् मागनं दुसरी पहार घिऊन आला.”

“मग?”

“मग काय. ईट पडल्यावर रस्ता झाला. ताटं गेली. पंगत बसली, इटांवर चवाळं टाकून बसली. जेवताना कुणी खाच बगितली न्हाई. चार दिसांनी शेठनं मला काढलं, पर भिंत काय पुन्हा बांधली न्हाई त्यानं. पंगत बसून गेली व्हती ना तिथनं.”

आबांनी उजवा हात वर केला. त्या हाताच्या करंगळीची दोन पेरं नव्हती. “हे तवाचं. वरची रांग हातावर आली.”

“बोट तर प्रेसमध्ये गेलं होतं!” बुद्धभूषण जवळजवळ ओरडलाच.

“आसं मी कदी म्हणलो?”

खरंच, आबा कधी म्हणाले नव्हते. पिंपरीत माणसाचं बोट नाही म्हटल्यावर ते पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्येच गेलं असणार, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. बुद्धभूषण अठरा वर्षांचा असताना त्याला प्रेसशॉपची नोकरी चालून आली होती, चांगली कायमची, आणि वडिलांचं बोट आठवून त्याने ती नाकारली. आयटीआयला गेला, टूलरूममध्ये लागला. उभा जन्म ज्या बोटाला भिऊन त्याने वेगळी वाट धरली, त्या बोटाने प्रेस पाहिलीही नव्हती. त्याला हसावं की रडावं ते कळेना.

“आम्हाला का नाही सांगितलं?” दीक्षाने विचारलं.

“भिंत पाडली म्हणून सांगायचं, तर आदी भिंत व्हती म्हणून सांगावं लागलं आसतं. तुमी हितं खेळत व्हता.”

आता बुद्धभूषणला आई आठवली, कस्तुरा. इथे कुठलंही कार्य असलं की पंगत तीच मांडायची. आणि कुठल्याही बाजूने रांगा घातल्या तरी आबांचं ताट त्या पट्टीवरच. सगळ्यांना वाटायचं, आबांना पंख्याखाली बसायला आवडतं. पण पंखा तर आत्ता पंधरा वर्षांपूर्वी लागला. त्याआधीही ताट तिथेच असायचं, उन्हाळ्यात, हिवाळ्यात. आईला सगळं ठाऊक होतं आणि ती एक शब्द न बोलता दर पंगतीला वाढत होती.

सगळ्यात आधी बुद्धरत्न भानावर आला, आणि जे बोलला ते त्याच्याकडून कुणालाच अपेक्षित नव्हतं.

“बांधू द्या भिंत,” तो म्हणाला.

“काय?”

“आबांनी पाडली हे ऐकल्यावर मला नाही बिल्डरला द्यायची ही जागा. कुणालाच नाही. पण वाचवायची तर हाच रस्ता आहे ना? मग बांधू दे त्यांना सात फूट विटा. तपासणी होऊन गेली की रात्रीतून काढून टाकू.”

“पाच वर्षं हात लावता येत नाही,” दिव्या हळूच म्हणाली. “लावला तर सूट रद्द. कंपनी नुकसान आपल्याकडून वसूल करेल.”

“मग पाच वर्षं राहील. सत्तर वर्षांत पाच वर्षं काय, दादा!”

“पाच मिनिटं नाही राहणार,” दीक्षा उसळली. सकाळपासून इमारतीची बाजू घेणारी तीच आता उलटली होती. “अभ्यासाला येणारी पोरं विचारतील, ही भिंत कशाची? काय सांगशील? सूट मिळते म्हणून बांधली? त्यापेक्षा पाड सगळी. तुझ्या बिल्डरला फोन कर, मी सही करते.”

“आत्या, असं नका ना,” मैत्री रडकुंडीला आली. “भिंतीवर पाटी लावू, खरं काय ते लिहू. लोकांना कळेल तरी.”

“पाटी वाचायला भिंतीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं गं?”

बुद्धभूषणला दोघांचंही पटत होतं, ही खरी अडचण. रत्न्या म्हणतो तेव्हा वाटे, विटाच आहेत, पाच वर्षं डोळे मिटून काढू. दीक्षा म्हणते तेव्हा वाटे, आबांच्या डोळ्यांदेखत ती भिंत उभी राहिली तर आपण कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर जेवायला बसणार. मेस वाचवायची तर भिंत येते. भिंत नको तर मेस जाते. असं कसं गणित असू शकतं? कुठेतरी माप चुकलंय. टूलरूममध्ये दोन्ही भाग बरोबर असून जोडणी बसत नसली, तर तो नेहमी एकच गोष्ट करायचा: ड्रॉइंगवर परत जायचं.

“मॅडम,” तो म्हणाला, “पूर्वी होती तशी, म्हणजे कधी होती तशी?”

“फॉर्ममध्ये रकाना आहे. इमारतीचा महत्त्वाचा काळ. त्यात जे साल लिहू, त्या सालची अवस्था जपायची.”

“आपण काय लिहिलंय?”

“१९५७. तुम्हीच सांगितलंत, सर. मी विचारलं होतं.”

सांगितलं होतं खरं. जुनी इमारत म्हटल्यावर जितकं जुनं तितकं बरं, असा सरळ हिशेब. दिव्याने तेव्हा विचारलं होतं की दुसरं एखादं महत्त्वाचं साल आहे का, आणि त्याने मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, इथे विशेष असं काही घडलेलं नाही.

“आणि १९६१ लिहिलं तर?”

दिव्या त्याच्याकडे बघत राहिली. “तर… मोकळा हॉल हीच मूळ अवस्था. भिंत बांधायची नाही. उलट पुढे कुणाला बांधताच येणार नाही.” ती बोलता बोलता थांबली. “पण सर, सगळे नकाशे बदलावे लागतील. फाइल उद्या जाणार नाही, पुढच्या महिन्यात जाईल. कंपनी तोवर थांबेल की दुसरी इमारत धरेल, मी सांगू शकत नाही. आणि पाऊस आहे. आणि ते पुरावा मागतील. हा बदल कधी झाला, कुणी केला, कागदावर काहीतरी लागेल.”

“म्हणजे मेस पडूही शकते,” बुद्धरत्न म्हणाला.

“हो.”

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. जागा त्यांच्या नावावर होती.

“पडली तर पडली,” आबा म्हणाले. “टेकू लावा मागल्या भिंतीला. ऱ्हायली तर ऱ्हायली. पर पाडल्याली भिंत मी पैसं घिऊन बांधायचो न्हाई. फुकटबी न्हाई.”

बुद्धभूषणच्या छातीवरचं ओझं उतरलं असं म्हणता येणार नाही. मेस वाचेल की नाही, हे त्याला सकाळपेक्षाही कमी ठाऊक होतं. पण हातांना काम सुचलं. त्याने खिशातून पेन्सिल काढली, दिव्याची मोजपट्टी मागून घेतली, आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, आपल्या ‘ओके’च्या वर, चार रकान्यांचा छोटा तक्ता आखला. ‘ओके’वर एक आडवी रेघ मारून शेजारी तारीख घातली.

“हे काय, पप्पा?”

“टूलरूममध्ये ड्रॉइंग कुणी कधी खोडत नाही. बदल झाला की इथे नोंद करतात. अनुक्रमांक, तारीख, काय बदललं, कुणी बदललं. ज्याने बदल केला त्याची सही. तेवढ्यावर पुढची पन्नास वर्षं माल निघतो.” त्याने दिव्याकडे पाहिलं. “हे चालेल का पुरावा म्हणून, मला माहीत नाही.”

“मलाही नाही,” दिव्या म्हणाली. “पण मी हे जोडणार. आणि आजोबांचा जबाब नोटरीसमोर करून घेऊ.”

मैत्रीने मोबाइलवर पाहून पानशेतच्या पुरापासून तिसरा दिवस मोजला. बुद्धभूषणने नीट अक्षरात लिहिलं: १. १४ जुलै १९६१. मधली भिंत काढली. मग त्याने चौथा रकाना दाखवून दिव्याचं पेन आबांच्या हातात दिलं. भाग्यश्रीने पाट आणला, नकाशाची ती बाजू पाटावर घेतली. त्याच वेळी कोपऱ्यावरचा मोबाइल थरथरला आणि पडद्यावर बिल्डरचं नाव आलं. बुद्धरत्नने तो उचलला, कोपरा झटकन गुंडाळला जाऊन आबांच्या मनगटावर आला. बुद्धरत्नने फोन बंद करून खिशात घातला, कोपरा सरळ केला आणि त्यावर आपला तळहात दाबून धरला.

आबांनी सही केली. चार बोटांत पेन धरून, सावकाश, काना-मात्रा सांभाळून. मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

“ह्याच्याखाली रिकामी वळ कशाला सोडलीस?”

“सोडावी लागते, आबा. पुढे कुणी काही बदललं तर त्याची नोंद.”

“म्हंजी कुणाला भिंत बांधावी वाटली, तर त्याला हितं सही करावी लागंल?”

“हो.”

“माझ्या सहीच्या खाली?”

“बरोब्बर खाली.”

आबांनी पेनला टोपण लावलं. “मग ऱ्हाऊ दे रिकामी,” ते म्हणाले, आणि सुनेला विचारलं, जेवायला अजून किती वेळ आहे.